पेन्शन की व्याज?



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांची माझी ओळख एका फॉर्ममुळे झाली. मी तेव्हा बँकेत नोकरीला होतो. सर शाळेतून निवृत्त झालेले. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ते पेठेतल्या देवळाच्या ओट्यावर बसत. पुढ्यात लाकडी पाट, त्यावर कार्बन पेपर, दोन पेनं आणि स्टॅम्प पॅड. आजूबाजूचे म्हातारे-कोतारे कागद घेऊन येत आणि सर फुकट फॉर्म भरून देत. हयातीचा दाखला, पंधरा एच, महापालिकेचा अर्ज, काहीही. आलेल्या माणसाला ते बसायला सांगत आणि पहिला प्रश्न एकच विचारत, "पेन्शन की व्याज?"

उत्तर आलं की कागद पाटाच्या डाव्या नाहीतर उजव्या बाजूला ठेवला जाई. डावीकडे पेन्शनवाले, उजवीकडे व्याजावर जगणारे. मला वाटे, ही नुसती कामाची सोय असेल. पुढे स्वतः निवृत्त झालो तेव्हा कळलं की पुण्यातल्या म्हातारपणाची खरी विभागणी सरांनी त्या पाटावर करून ठेवली होती. आज मला जे सांगायचं आहे, ते त्या दोन ढिगांबद्दल आहे. आपली करव्यवस्था डाव्या ढिगाला ओळखते. उजव्या ढिगाला ती नीट ओळखत नाही. आणि या दोन्हींच्या मध्ये एक बाई उभी असते, तिला तर ती ओळखतच नाही.

पुण्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात. या गावाचं पेन्शनशी नातं फार जुनं आहे. १८१८ मध्ये पेशव्यांचं राज्य गेलं आणि दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला आठ लाख रुपये देऊन ईस्ट इंडिया कंपनीने बिठूरला पाठवलं. १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि कंपनीने ती रक्कम त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांना द्यायला नकार दिला. देणाऱ्याची मर्जी होती तोवर दिली, मर्जी संपली तशी बंद केली. सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाकडेही पुढे कितीतरी वर्षं सरकार असंच बघत आलं, उपकार म्हणून. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा खटल्यात निकाल दिला की निवृत्तिवेतन हे बक्षीस नाही, मेहेरबानी नाही, तो केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे. ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झाला की नंतर, एवढ्यावरून पेन्शनरांत भेद करता येणार नाही. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिलं. खंडपीठाच्या प्रमुखपदी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, आपल्या आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी. १७ डिसेंबर ही तारीख म्हणजे पेन्शनर दिन. म्हणूनच या व्याख्यानासाठी हा दिवस मी मागून घेतला.

आता कराकडे येतो. माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी येते. तिथे केंद्राच्या आयकराशिवाय राज्याचा वेगळा आयकर असतो आणि म्हातारपणी कुठे राहायचं हे त्यावरून ठरतं. फ्लॉरिडा, टेक्सासमध्ये राज्याचा आयकरच नाही. पेन्सिल्व्हेनिया, इलिनॉय निवृत्तीच्या उत्पन्नाला हात लावत नाहीत. कॅलिफोर्निया पेन्शनवर कर घेतं. आपल्याकडे असं नाही. राज्यघटनेने शेती सोडून इतर उत्पन्नावरचा कर केंद्राच्या सूचीत घातला. त्यामुळे पेन्शनर पुण्यात राहिला काय नि बेळगावला गेला काय, आयकर तेवढाच. महाराष्ट्र सरकार आपल्याकडून व्यवसाय कर घेत होतं, तोही नोकरीत असेपर्यंत. वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. १९७५ चा तो कायदा रोजगार हमी योजनेसाठी आला. शहरातल्या पगारातून दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम मिळत होतं, याचा मला आजही अभिमान वाटतो. पेन्शनवर व्यवसाय कर नाही.

म्हणजे राज्याचा निवृत्तांवर करच नाही, असं कुणाला वाटेल. तसं नाही. राज्य आणि महापालिका आपल्या उत्पन्नाला हात लावत नाहीत, आपल्या घराला लावतात. घराकडे मी नंतर येतो. आधी आयकर.

१ एप्रिल २०२५ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला आहे. बहुतेक पेन्शनरांचा प्रश्न त्यामुळे मिटला, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. आपल्या संघटनांच्या सभांतून अजूनही पंधरा वर्षांपूर्वीची भाषणं होतात, ती आता थांबवावीत. पण कायदा कुणाला काय देतो ते जरा जवळून बघा. नव्या प्रणालीत पेन्शनरला ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, कारण कायद्याच्या लेखी पेन्शन म्हणजे पगार. त्यामुळे त्याची करमुक्त मर्यादा पावणेतेरा लाख होते. व्याजावर जगणाऱ्याला ही वजावट नाही. ज्येष्ठांना व्याजावर ५० हजारांची जी सूट होती, ती ८०-टीटीबी कलमाची, फक्त जुन्या प्रणालीत उरली आहे. वयानुसार वेगळी मर्यादाही, साठीनंतर तीन लाख आणि ऐंशीनंतर पाच लाख, फक्त जुन्या प्रणालीतच. नव्या प्रणालीला माणसाचं वय दिसतच नाही.

दोन शेजारी घ्या. दोघांचंही वर्षाचं उत्पन्न १२ लाख ६० हजार. एकाची सगळी पेन्शन, दुसऱ्याचं सगळं व्याज. पेन्शनरचा कर शून्य. व्याजवाल्याला उपकरासह ६२,४०० रुपये भरावे लागतात. एवढं व्याज येणारा माणूस गरीब नव्हे, हे मला मान्य आहे. मला दाखवायचा आहे तो कायद्याचा कल.

कारण या दोघांचं उत्पन्न मुळातच एका जातीचं नाही. सरकारी पेन्शनरला जानेवारीत आणि जुलैत महागाई भत्ता वाढवून मिळतो. आम्ही बँकवाले मूळ पेन्शन सुधारून द्या म्हणून भांडतो, आणि ते भांडण खरं आहे, तरी डी.ए. आम्हालाही मिळतो. आता पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस बघा. किंवा विनाअनुदानित शाळेतली शिक्षिका, किंवा लक्ष्मी रोडवरच्या दुकानात चाळीस वर्षं हिशेब लिहिलेला मुनीम. भविष्य निर्वाह निधीची ईपीएस-९५ पेन्शन असलीच तर तिची किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपये आहे. महिन्याला. त्यावर महागाई भत्ता नाही. म्हणून प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे तो पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवतो. मर्यादा ३० लाख, व्याज ८.२ टक्के. दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात येतात. पहिल्या तिमाहीला ६१,५००, पाचव्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीलाही ६१,५००. दूधवाला, औषधवाला, पोळीवाल्या काकू, सगळ्यांचे दर वाढलेले आणि पासबुकात आकडा तोच.

आता बघा, महागाई पाच टक्के धरली तर ३० लाखांची खरेदीशक्ती वर्षात दीड लाखाने घटली. वर्षाचं व्याज दोन लाख ४६ हजार. त्यातले दीड लाख मुद्दलाची झीज भरून काढण्यात गेले. खरं उत्पन्न ९६ हजार. आयकर मात्र सगळ्या दोन लाख ४६ हजारांना उत्पन्न मानतो. घर विकलं तर महागाईचा विचार करून नफा काढायची सोय कायद्यात अनेक वर्षं होती. २३ जुलै २०२४ नंतर ती आखडली, तरी त्याआधी घेतलेल्या घर-जमिनीसाठी पर्याय ठेवला आहे. म्हणजे महागाईने फुगलेला आकडा हे उत्पन्न नव्हे, हे सरकारला कळतं. घराच्या बाबतीत कळतं. ठेवीच्या बाबतीत ते कधीही मान्य केलेलं नाही, आणि ठेव हे अल्प मिळकतीच्या म्हाताऱ्या माणसाचं साधन आहे. हा मला आपल्या आयकरातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

आता त्या मधल्या बाईकडे येतो. सरांच्या पाटावर तिचा कागद डावीकडे की उजवीकडे, हा प्रश्न पडे. सर तो समोर ठेवत आणि आधी करत.

जुन्या पेन्शन योजनेतला सरकारी नोकर निवृत्त झाला की शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन बसते. तो गेला की, सुरुवातीच्या काही वर्षांची वाढीव रक्कम संपल्यावर, पत्नीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ऐंशी हजार पगार असेल तर त्याला चाळीस हजार, तिला चोवीस हजार, अधिक डी.ए. सोसायटीचा मेंटेनन्स अर्धा होत नाही, वीजबिल अर्धं होत नाही, रात्री सोबतीला बाई ठेवावी लागते ती वेगळीच. आणि याच क्षणी आयकर कायदा तिच्या पैशाचं नाव बदलतो. तिचं आणि सरकारचं मालक-नोकराचं नातं नाही, म्हणून हा पगार नव्हे. हे 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न'. ७५ हजारांची वजावट गेली. त्याऐवजी रकमेचा एक तृतीयांश किंवा २५ हजार, यांतलं जे कमी ते. जुन्या प्रणालीत तर १५ हजारच. उत्पन्न घटलं आणि वजावट त्याहून जास्त घटली. चाळीस वर्षं डबा भरून देणाऱ्या बाईचा त्या नोकरीशी संबंध नाही, असं कायदा म्हणतो.

माझ्या आईचंच सांगतो. वडील गेल्यावर पहिल्या एप्रिलमध्ये तिने टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा पंधरा एच फॉर्म एका बँकेत दिला. पोच घेतली नाही. फॉर्म कुठेतरी गहाळ झाला आणि तिच्या ठेवीच्या व्याजातून टीडीएस कापला गेला. तिला एक रुपयाही कर लागू नव्हता. परतावा मिळवण्यासाठी रिटर्न भरावं लागलं. त्या रिटर्नमध्ये 'उत्पन्नाचा प्रकार' या रकान्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "अरे, हे यांचं पेन्शन आहे, इतर स्रोत कसला?" मी चाळीस वर्षं बँकेत घालवलेला मुलगा. मला उत्तर देता आलं नाही. परतावा आला तेव्हा पुढचा एप्रिल उजाडला होता. आता ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएसची मर्यादा लाखावर नेली आहे, ते चांगलं झालं. तरीही सांगून ठेवतो, असा फॉर्म दिलात तर पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

कुणी म्हणेल, १२ लाखांपर्यंत कर नाहीच, मग वजावट ७५ काय नि २५ काय? एरवी फरक पडत नाही, खरं आहे. पण फरक झाकला गेला आहे, मिटलेला नाही. ती एकटी पडते तेव्हा काय होतं ते बघा. सहकारनगर, एरंडवणे, कर्वेनगर या भागांत सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती आहेत. तिसऱ्या मजल्यावर ती राहते. गुडघे गेले. ती फ्लॅट विकून वृद्धनिवासात जायचं ठरवते. तिथली अनामत रक्कम म्हणजे घरखरेदी नव्हे, म्हणून घर घेतल्यावर मिळणारी भांडवली नफ्याची सूट तिला नाही. सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवायची मुभा आहे, पण ते पैसे पाच वर्षं अडकतात आणि अनामत तर आज द्यायची असते. भांडवली नफा धरून तिचं एकूण उत्पन्न त्या वर्षी १२ लाखांच्या वर गेलं. झालं, शून्य कराची सवलतच गेली. नफ्यावर कर, शिवाय कुटुंब निवृत्तिवेतन आणि व्याज यांवरही कर. आयुष्यातल्या सगळ्यात अवघड वर्षी तिला सगळ्यात जास्त कर लागतो.

वृद्धनिवास नको, तळमजल्यावरचं छोटं घर घेऊ म्हटलं, तर तिथे राज्य सरकार उभं असतं. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून सात टक्के. साठ लाखांच्या घरावर चार लाख वीस हजार. स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. ती सवलत योग्यच आहे. पण सत्तरीच्या माणसाने जिने चढवत नाहीत म्हणून लहान घर घेतलं, याचा विचार कुठे नाही. माझ्या मते महाराष्ट्रातला निवृत्तांवरचा खरा राज्य कर हाच आहे. याने माणसं तिसऱ्या मजल्यावर अडकून पडतात. सत्तरी ओलांडलेल्याने राहतं घर विकून त्याहून कमी किमतीचं घेतलं तर शुल्क नाममात्र ठेवावं, एवढा एक निर्णय मुंबईत झाला तरी पुण्यातले कितीतरी गुडघे सुटतील.

मिळकतकराची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत, हा महापालिकेचा १९७० चा ठराव. पुण्याच्या मध्यमवर्गाने त्या भरवशावर घरं बांधली. नंतर राज्य सरकारने ती सवलत रद्द केली आणि २०१९ च्या सुमारास बिलं वाढून यायला लागली. आंदोलनं झाली, निवडणुकीत तो मुद्दा झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा दिली. पण दिली ती अर्जावर. पीटी-३ नावाचा फॉर्म, सोबत सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड. त्या दिवसांत क्षेत्रीय कार्यालयाच्या जिन्यात मी एक आजोबा पाहिले. प्लॅस्टिकच्या पिशवीत १९८१ पासूनच्या कराच्या पावत्या, रबर बँड लावून, वर्षावार. चाळीसहून जास्त वर्षं महापालिका त्यांना त्याच पत्त्यावर बिल पाठवत होती, आणि त्याच पत्त्यावर राहतो याचा पुरावा त्यांनी आणायचा होता. घर भाड्याने दिलं असेल तर महापालिकेने शोधून काढावं. राहणाऱ्याने दरवेळी सिद्ध करत बसू नये.

मित्रहो, इथवर मी आपल्याबद्दल बोललो. घर असलेल्या, ठेव असलेल्या, पेन्शन असलेल्या लोकांबद्दल. इथेच थांबलो तर सरांच्या स्मृतीशी अप्रामाणिकपणा होईल.

कारण त्या ओट्यावर कधीकधी असा माणूस येई ज्याचं उत्तर असे, "दोन्ही नाही." मार्केट यार्डातला हमाल, धुणीभांडी करणारी मावशी. हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव आयुष्यभर हेच विचारत राहिले, ओझी वाहून ज्याची पाठ मोडली त्याचं म्हातारपण कुणाचं? राज्याच्या श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. त्याच गरीब म्हाताऱ्या माणसासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आहे. दोनशे. आणि हा माणूस कर भरत नाही असं समजू नका. साबणावर, चपलेवर तो तोच जीएसटी भरतो जो मी भरतो. माझी ७५ हजारांची वजावट कुणाच्या तरी पैशातून होते, त्यात त्याचाही वाटा आहे.

आपल्या मागणीबरोबर गरिबाचीही मागणी करण्याचं या शहरात एक उत्तम उदाहरण आहे. फर्ग्युसनचे प्राध्यापक नामदार गोखले १९०२ मध्ये कलकत्त्याला अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. आयकराची मर्यादा वाढवा, ही मागणी त्यांनी केली. ती शिकलेल्या मध्यमवर्गाची, म्हणजे त्यांच्या आपल्या माणसांची होती. पण त्याच भाषणात त्यांनी मिठावरचा कर कमी करा असंही मागितलं, आणि मीठ सगळ्यांच्या ताटात असतं. १९०३ मध्ये दोन्ही झालं. आयकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली आणि मिठावरचा कर उतरला. दोन्ही मागण्या एकाच माणसाने, एकाच वेळी केल्या होत्या, हे आपण विसरलो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. शहरातल्या पेन्शनर संघटना आता निवेदनं लिहायला बसतील. आपल्यापैकी अनेकजण त्या संघटनांच्या कार्यकारिणीवर आहात. माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे. महागाई भत्त्याच्या थकबाकीची मागणी जरूर करा, पण ती दुसऱ्या पानावर घ्या. पहिल्या पानावर लिहा की कुटुंब निवृत्तिवेतनाला पेन्शनइतकीच वजावट द्या. त्याखाली लिहा की साठी ओलांडलेल्यांच्या व्याजाला नव्या प्रणालीतही सूट द्या. आणि त्याच पानावर, सह्यांच्या वरच्या ओळीत, ते दोनशे रुपये लिहा.